तुम्ही झोपा, आम्ही बघतो

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती एका मुलाखतीत म्हणाले की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. दाखला दिला तो जपानचा आणि जर्मनीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोकांनी हेच केलं, असं त्यांचं म्हणणं. मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहते आणि वाहनांचे सुटे भाग तपासणाऱ्या एका लहानशा कंपनीत नोकरी करते. त्यामुळे त्या आठवड्यात सांगली, पुणे, बंगळुरू सगळीकडच्या नातेवाइकांनी ती क्लिप मला पाठवली. धाकट्या भावानं सोबत लिहिलं होतं, "ताई, तुझ्या जर्मनांमुळे आमची वाट लागणार."

त्याला तेव्हा दोन ओळींत उत्तर दिलं होतं. आता जरा सविस्तर देते, कारण मधल्या काळात तो वाद बराच पुढे गेलाय आणि मला वाटतं भलत्याच वाटेला लागलाय.

युद्धानंतर जर्मन माणूस राबला यात शंकाच नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इथे सहा दिवसांचा, ४८ तासांचा आठवडा सर्रास होता. पण ४८ आणि ७० यांत फरक आहे. शिवाय भरभराट ऐन रंगात असताना, १९५६ च्या मे दिनाला, इथल्या कामगार संघटनांच्या महासंघानं एक पोस्टर काढलं. त्यावर एक लहानगा मुलगा बजावत होता की शनिवारी बाबा माझे. मागणी होती पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याची, आणि धातू उद्योगात ती १९६७ साली पदरात पडलीही. मूर्तींनी ज्या पिढीचं उदाहरण दिलं, तिनं देश उभा करता करताच आपले शनिवार सोडवून घेतले होते. हे त्या मुलाखतीत आलं असतं तर बरं झालं असतं.

मग जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं बोलणं बाहेर आलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, हा त्यांचा सवाल. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पण या दोन वक्तव्यांच्या मधे पुण्यात जे घडलं त्यावर विनोद करायची कुणाची छाती नाही. जुलै २०२४ मध्ये एका बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीत चार महिन्यांपूर्वीच रुजू झालेली २६ वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या ओझ्यानं माझी पोर गेली आणि अंत्यविधीला ऑफिसातलं कुणी फिरकलं नाही, असं पत्र तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना लिहिलं. कामाच्या ताणामुळे हे झालं असं आम्हाला वाटत नाही, असं कंपनीकडून सांगण्यात आलं. कामगार खात्याचे अधिकारी पाहणीला गेले तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच झालेली नसल्याचं उघड झालं.

त्या सप्टेंबरमध्ये चेन्नईतल्या एका कार्यक्रमात अर्थमंत्री निर्मला सीतारामन या घटनेचा उल्लेख करून म्हणाल्या की ताण सोसण्याचं आतलं बळ मुलांना घरातून आणि शिक्षणसंस्थांतून मिळायला हवं, आणि ते बळ देवावरच्या श्रद्धेतून येतं. टीका झाली, खुलासे झाले. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र त्यांची बाजू घेणारे जास्त निघाले. काका लिहितात, "आमच्या वेळी काय टेन्शन नव्हतं? पण आम्ही मनाला लावून घेत नव्हतो." आत्यानं प्राणायामाचा व्हिडिओ टाकला. एका मावसभावानं हिंजवडीतल्या त्याच्या कंपनीत झालेल्या ताण-व्यवस्थापनाच्या कार्यशाळेचे फोटो टाकले. कार्यशाळा शनिवारी होती.

या सगळ्या गदारोळात दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते तास कमी करा, दुसरी म्हणते मन कणखर करा. मला दोन्हींतलं थोडं थोडं पटतं. पण एक प्रश्न दोघीही विचारत नाहीत. माणूस ऑफिसातून निघाला, फोन बंद केला, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. तरी त्याचं ते अर्धवट काम त्या वेळी कुणाच्या हातात आहे? कुणाच्याच नसेल तर ते त्याच्या डोक्यात राहणार, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. 'जाऊ दे, सोडून दे' असा सल्ला आपण ज्याला देतो, त्याला पक्कं ठाऊक असतं की आपण सोडलं तर धरणारं कुणी नाही. म्हणून तो सोडत नाही. त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. मला तर त्यात जबाबदारीची जाण दिसते.

इथली एक गोष्ट सांगते. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर कंपनीनं (आताची मर्सिडीज-बेंझ, चाकणला कारखाना आहे तीच) २०१४ मध्ये जर्मनीतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना एक सोय दिली. सुट्टीवर जाताना ती सुरू केली की तुमच्या नावानं येणारा मेल आपोआप पुसला जातो. पाठवणाऱ्याला लगेच उत्तर जातं: अमुक व्यक्ती सुट्टीवर आहे, तुमचा मेल पुसला जातोय, काम तातडीचं असेल तर या तमुक सहकाऱ्याला लिहा, नसेल तर ती परतल्यावर पुन्हा पाठवा. फोक्सवागननं त्याआधी, २०११ च्या अखेरीस, वेगळा मार्ग धरला होता. कामगार मंडळाशी ठरवून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासानं ब्लॅकबेरी फोनवर मेल जाणंच बंद केलं.

दोन्हींत मला डाइमलरची युक्ती जास्त शहाणी वाटते. मेल नुसता अडवला तर तो सकाळी साठून समोर येतो, आणि रविवारी संध्याकाळपासूनच त्या साठ्याची धास्ती सुरू होते. डाइमलरच्या पद्धतीत महत्त्व त्या तमुक सहकाऱ्याला आहे. पुसलं जाण्याचा भाग वर्तमानपत्रांनी गाजवला, पण त्या सहकाऱ्याचं नाव नसतं तर तो नुसता आचरटपणा ठरला असता.

आमच्या छोट्या कंपनीत असलं काही सॉफ्टवेअर नाही. पण सुट्टीच्या अर्जात एक रकाना आहे, तुमच्या जागी कोण. तिथे नाव लिहिल्याशिवाय आणि त्या माणसानं होकार दिल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अर्धा तास बसतो, काय कुठवर आलंय ते मी सांगते, तो लिहून घेतो. त्यानंतर ते त्याचं. मी सांगलीला असताना त्यानं मला फोन केला तर त्यालाच ओशाळल्यासारखं होतं. यात माणुसकी वगैरे फार नाही. तो सुट्टीवर जातो तेव्हा त्याच्या जागी मी असते, एवढाच हिशेब.

आजारपणाचंही तसंच. डॉक्टरचं प्रमाणपत्र २०२३ पासून विमा संस्थेमार्फत परस्पर कंपनीला मिळतं. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार कंपनी देते, पुढे विमा संस्था ठरावीक टक्के देते. सुट्टीवर असताना आजारी पडलात आणि डॉक्टरनं तसं लिहून दिलं, तर तेवढे दिवस सुट्टीतून वजा होत नाहीत, परत मिळतात. हे भावाला सांगितलं तेव्हा त्याला ती थाप वाटली. त्याला डेंग्यू झाला होता तेव्हा हाताला सलाईन आणि मांडीवर लॅपटॉप, असा त्याचा फोटो वहिनीनं मला पाठवला होता. टीम लीडनं त्याच्या 'कमिटमेंट'चं कौतुक केलं म्हणे. त्या कौतुकानं त्याच्या मनाची जी मशागत झाली, ती कुठल्या ध्यानानं उलटायची?

जर्मनीच्या कामगार-सुरक्षा कायद्यात २०१३ पासून एक शब्द मुद्दाम घातलाय. कामाच्या जागी धोके कोणते हे मालकानं तपासायचं असतं: आवाज, रसायनं, जड वजनं. त्या यादीत आता कामामुळे मनावर येणारा भार हाही धोका म्हणून नोंदलेला आहे. आमच्याकडे ही तपासणी झाली तेव्हा निष्पन्न काय झालं, तर चाचणीचे अहवाल दर शुक्रवारी दुपारी येतात आणि ग्राहकाला सोमवारी सकाळी उत्तर हवं असतं. मधला शनिवार-रविवार सगळ्यांच्या डोक्याला भुंगा. अहवालाचा वार बदलून बुधवार केला. झालं. आमच्यापैकी कुणाचंही आंतरिक बळ त्यामुळे वाढलं नाही, झोप मात्र सुधारली.

आता प्राणायामाकडे येते, नाहीतर आत्या रागवेल. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. इथली सरकारमान्य आरोग्य विमा संस्था मला योगवर्गाची बरीचशी फी परत देते, वर्षातून दोन वर्गांपर्यंत. हे आईला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "तुझ्या आजोबांनी फुकट शिकवलं तेव्हा पळून जायचीस!" योगाच्या बरोबरीनं इथे स्नायू एकेक करून ताणायचे नि सैल सोडायचे, ही एडमंड जेकबसनची पद्धत शिकवतात, आणि बर्लिनच्या योहानेस शुल्त्झनं बसवलेलं स्वयंसूचनेचं प्रशिक्षणही. यातलं बरंच उपयोगी आहे. मला स्वतःला सगळ्यात फळलेली गोष्ट याहून साधी. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये सहकाऱ्यांसोबत मांडलेली ही रीत. काळजी करायची, पण तिची वेळ आणि जागा ठरवून. दिवसभरात मनात आलेली प्रत्येक काळजी टिपून ठेवायची आणि स्वतःला सांगायचं की हिचं संध्याकाळी बघू. मग ठरलेल्या अर्ध्या तासात, ठरलेल्या खुर्चीत बसून मनसोक्त काळजी करायची. पलंगावर नाही, जेवायच्या टेबलावर नाही. मी हे साडेसहाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून करते. नवऱ्याला सुरुवातीला हे फार विनोदी वाटायचं, आता त्या वेळी तो निमूट कांदा चिरून देतो. निम्म्या काळज्या साडेसहापर्यंत शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्यांत कुणाला तरी फोन करण्याजोगं काहीतरी सापडतं.

पण हे सगळं कधी लागू पडतं? आठ तासांनंतर घरी येता आलं तर. जर्मन कायद्यानं दिवसाला आठ तास, फार तर दहा, तेही सरासरी आठवर आणून ठेवायचे. आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग अकरा तासांची विश्रांती. ज्याला रात्री साडेदहाला अमेरिकेच्या क्लायंटचा कॉल आहे, त्यानं काळजीची ठरलेली अर्धी घटका कुठे बसवायची?

मूर्तींच्या त्या दाखल्याकडे पुन्हा एकदा वळायला हवं, कारण त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट राहूनच गेली. ज्या वर्षांत जर्मनी विटेवर वीट रचत होता, त्यातल्याच १९५० साली, जानेवारीत, इथे थकलेल्या आयांसाठी एक संस्था निघाली. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांच्या पत्नी एली हॉइस-क्नाप यांनी ती काढली. युद्धात नवरे गेलेले किंवा कैदेतून जायबंदी परतलेले, घरं पडलेली, पोरं वाढवायची. बाया खचून चालल्या होत्या. त्यांना काही आठवडे घरापासून दूर, डोंगरात किंवा समुद्राकाठी न्यायचं, खाऊपिऊ घालायचं, झोपू द्यायचं. आज हा आरोग्य विम्याचा हक्क आहे. डॉक्टरनं लिहून दिलं की आईनं मुलांसकट किंवा एकटीनं तीन आठवडे जायचं. दिवसाला दहा युरो आपले, बाकी विम्याचे. माझी एक मैत्रीण जुळ्या मुलांना घेऊन उत्तर समुद्राकाठी जाऊन आली. मी विचारलं, "काय केलंस तिथे?" म्हणाली, "पहिला आठवडा नुसती रडले. मुलांकडे दुसरं कुणीतरी बघत होतं, त्यामुळे रडता आलं."

ऐकताना मला माहेरपण आठवलं. आपल्याकडे ही व्यवस्था कुठल्याही कायद्याशिवाय पिढ्यानपिढ्या चालत होती. लेक माहेरी आली की तिनं पाण्याचा तांब्याही उचलायचा नाही, पोरं मामाच्या अंगावर टाकायची, दुपारी ताणून द्यायची. महिनाभरानं ती सासरी परत जायची ती जरा भरून आलेली असायची. कोणी याला ताण-व्यवस्थापन म्हटलं नाही. आता माझ्या वहिनीला माहेरपण कुठून मिळणार? तिचं माहेर वन-बीएचकेचं, आईवडील सत्तरीचे, आईचे गुडघे बदललेले. ती माहेरी जाते ती वडिलांच्या हॉस्पिटलच्या फायली लावायला. तिची स्वतःची नोकरी आहे, मुलीची दहावी आहे, आणि भावाच्या डेंग्यूतही डबा, औषधं, प्लेटलेटचे रिपोर्ट सगळं तीच बघत होती. भावाला निदान टीम लीडचं कौतुक तरी मिळालं. वहिनीच्या अर्जात 'तुमच्या जागी कोण' असा रकानाच नाही. ७० की ९० या वादात ती कुठे बसते हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ती कधीच शंभरीपार गेलीय.

जर्मनीचं गुणगान फार झालं. इथे सगळं आलबेल नाही. माणशी वर्षाला सुमारे १५ दिवस आजारपणाची रजा पडते आणि त्यातला मोठा वाटा मानसिक आजारांचा आहे. मानसोपचाराचा खर्च विमा करतो, पण नंबर लागायला महिनोन्महिने जातात. ज्याला बिछान्यातून उठवत नाही त्यानं दहा ठिकाणी फोन फिरवायचे आणि दहांचं उत्तर यंत्राकडून ऐकायचं. आमच्या श्वाबेन भागात जिना झाडायची पाळी दारावर पाटी टांगून जाहीर होते, आणि शेजारच्या आजी ती पाळी तुम्ही नीट पार पाडली की नाही हे ज्या नजरेनं तपासतात, त्या नजरेपुढे कुठलाही क्लायंट परवडला. शिवाय वारंही फिरलंय. जानेवारी २०२५ मध्ये एका बड्या विमा कंपनीच्या प्रमुखानं आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगार कापावा असं सुचवलं. मे महिन्यात चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स म्हणाले की चार दिवसांचा आठवडा आणि काम-आयुष्याचा समतोल यांनी देशाची समृद्धी टिकणार नाही. आठ तासांची रोजची मर्यादा काढून आठवड्याची ठेवावी, असा त्यांच्या सरकारचा विचार आहे. म्हणजे मूर्तींना इथेही चाहते मिळू लागलेत.

आणि कायद्याचा हात जिथे पोहोचत नाही ते सांगायचं तर मला सांगलीलाच जावं लागतं.

आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. आईबाबा तेव्हा वरच्या मजल्यावर अडकले होते, वीज नाही, फोन लागेना. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून पावसाळा आला की मी इथे रात्री फोन उघडून पुलाची पातळी बघत बसते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, अलमट्टीत किती साठा, वारणेची काय खबर. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात तेव्हा इथे रात्रीचा दीड. सकाळी आठला कामावर. अकरा तासांची विश्रांती कायद्यानं माझीच होती, पण ती झोपेत कशी बदलायची हे कायद्याला माहीत नाही. स्टूल, अर्धा तास, श्वास, कशाचा म्हणून उपयोग नाही. ऑफिसातल्या एका भल्या बाईनं मला कंपनीच्या समुपदेशकाचा नंबर दिला. समुपदेशकानं तास भर नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ज्यावर तुमचं नियंत्रण नाही ते सोडून द्यायला शिका." जर्मन भाषेत ऐकूनही ते आमच्या काकांसारखंच वाटलं.

उतारा मिळाला तो सांगलीच्या घराशेजारच्या दादांकडून. त्यांचं औषधाचं दुकान आहे. मी सुट्टीवर गेले होते तेव्हा त्यांनी विषय काढला. म्हणाले, "ताई, तुम्ही रात्री-अपरात्री पाण्याचे आकडे बघत बसता असं काकू सांगत होत्या. त्याचा काय उपयोग? आपण ठरवून टाकू. पाणी पस्तिसावर आलं आणि कोयनेचे दरवाजे उघडे असले, की मी काका-काकूंना गाडीत घालून मिरजेला सोडतो. काका ऐकणार नाहीत, मला माहितीय. त्यांना कसं उठवायचं ते मी बघतो. तुम्ही झोपा." मिरजेला मावशीचं घर आहे, ते उंचावर. मावशीशी बोलणं झालं, औषधांची एक पिशवी तिच्याकडे कायमची ठेवली, बाबांच्या कागदपत्रांच्या प्रती काढल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात मी आकडे बघायचं थांबवलं असं नाही. पण दिवसा बघते.

दादांनी जे केलं ते माझ्या सहकाऱ्याच्या अर्ध्या तासापेक्षा वेगळं नव्हतं. माणूस ठरला, कुठल्या आकड्याला काय करायचं ते ठरलं, मग माझ्या हातातून ते सुटलं. फरक एवढाच की माझ्या सहकाऱ्याला त्याचा पगार मिळतो आणि दादांना मी दिवाळीला चॉकलेटं नेते. उद्या दादा पुण्याला मुलाकडे राहायला गेले तर माझ्या आईबाबांचं काय, याला उत्तर नाही. शेजारधर्मावर उभी राहिलेली व्यवस्था फार सुंदर असते आणि तिला पाटबंधारे खात्याचा, महापालिकेचा पर्याय समजणं धोक्याचं असतं. मला दोन्ही हवंय, आणि हे मागताना मला लाज वाटत नाही.

भावाचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो दर वेळी हाच घेतो. "तुमच्याकडे माणसांचा तुटवडा, म्हणून मालक तुमचे लाड करतो. इथे माझ्या खुर्चीसाठी खाली शंभर जण उभे आहेत." मुद्दा खोटा नाही. पण लाड कुणीच केले नव्हते. धातू कामगारांनी ३५ तासांच्या आठवड्यासाठी १९८४ मध्ये आमच्याच या राज्यात जवळपास सात आठवडे संप केला, आणि ते ३५ तास प्रत्यक्षात यायला १९९५ उजाडलं. आणि खाली शंभर जण उभे असण्याबद्दल म्हणशील, तर ते मुंबईत १८९० साली काय कमी होते? कोकणातून आणि घाटावरून माणसांचे लोंढे गिरण्यांच्या दारात येत होते. तरीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज-विनंत्या केल्या, रविवार हा खंडोबाचा वार आहे असं मालकांना ऐकवलं. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगार जमवले, त्या सभेत बायकाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार शिरला तो १९१९ साली. ज्या रविवारी बायकोकडे बघत बसू नका असं आपल्याला सांगितलं जातं, तो आपल्याच माणसांनी मिळवलेला आहे.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मधला महाराष्ट्र मंत्रिमंडळाचा निर्णय मला जास्त खुपला. कारखान्यांत कामाचे तास दिवसाला ९ वरून १२ पर्यंत, दुकानं आणि खासगी आस्थापनांत ९ वरून १० पर्यंत नेण्याची मुभा. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती हवी, असं आश्वासन त्यासोबत आहे. ज्याच्या खुर्चीसाठी खाली शंभर जण उभे आहेत तो त्या कागदावर नाही असं लिहील का, हे ज्यांनी मसुदा केला त्यांनीच सांगावं. दुसऱ्या बाजूला डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन आणि मेलना उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक, म्हणजे सरकारनं नव्हे तर एका खासदारानं आणलेलं, लोकसभेत पुन्हा मांडलं. असंच त्यांनी आधीच्या एका लोकसभेतही २०१८ मध्ये मांडलं होतं. संसदेनं शेवटचं खासगी विधेयक मंजूर केलं ते १९७० साली, त्यामुळे त्यावर डोळे लावून बसायला मी भावाला सांगणार नाही. त्या विधेयकातही मला जे सगळ्यात आधी हवं ते नाहीच. फोन न उचलण्याचा हक्क मिळाला तरी तो फोन त्या वेळी कुणी उचलायचा, हे कंपनीला ठरवायला लावलं पाहिजे. नाहीतर माणूस फोन उचलणार नाही आणि रात्रभर त्याचाच विचार करेल.

तोवर भावाला माझं एकच सांगणं आहे, आणि ते त्याला मी फोनवरही सांगितलंय. मार्चमध्ये ॲप्रेझल आहे. तिथे पगाराबरोबर एक जास्तीची गोष्ट माग: तुझ्या प्रत्येक कामाला बॅकअप म्हणून एका माणसाचं नाव, कागदावर, आणि त्याच्या कामाला तुझं. कंपनीला यात दमडीचा खर्च नाही. नाही म्हणाले तर का नाही, हे त्यांना लिहून द्यायला सांग. आणि वहिनीला विचार, तिच्या यादीतलं काय काय तुझ्या नावावर करायचं. तो म्हणाला, "ताई, तिची यादी लांब आहे." म्हटलं, मग आजच सुरू कर.